विजयी घोड्याचे वय

शर्यतीत एखादे जनावर मोठा विजय मिळवते तेव्हा दोन प्रश्न उत्पन्न होतात. हा विजय खरोखर किती मोठा, हा पहिला. आणि ह्यापुढे ह्या जनावरास किती काळ पळवावे, हा दुसरा. पहिला प्रश्न मैदानावरचा प्रत्येक जण विचारतो व त्याचे उत्तरही तत्काळ देऊन मोकळा होतो. दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही, आणि विचारलाच तर जनावर लंगडू लागल्यावर विचारतो. 'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न मुळात एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. विजयाची किंमत ज्यास नीट करता येते, त्यास निवृत्तीची वेळ ठरविणेही फारसे अवघड जात नाही. आणि ज्यास ती करता येत नाही, तो एका विजयाच्या भरवशावर जनावराची पुढील सारी वर्षे खर्ची घालतो. ह्या लेखात हेच इतिहासाच्या आधारे दाखविण्याचा आमचा विचार आहे. पुष्कळशी उदाहरणे इंग्लंडातील अडथळ्यांच्या घोडदौडीतून घ्यावी लागतील, कारण तेथे प्रत्येक घोड्याचे वय, त्याच्या पाठीवरील वजन व त्याचा क्रम ह्यांची टिपणे दीर्घ काळापासून ठेविलेली आहेत. परंतु विषयाचा आरंभ करण्यास इतके दूर जावयास नको. पेण व रोहे ह्या दोन तालुक्यांच्या परिसरात त्याचे जुने धागे सापडतात.

कुंडलिका नदी रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते, आणि तिच्या मुखाजवळ चौलाचे प्राचीन बंदर आहे. अरबस्तान व इराण येथून दख्खनेत येणारे घोडे मध्ययुगात ज्या बंदरांत उतरत, त्यांत चौलाची गणना होई. इ. स. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझकडून एक घोडा घेऊन येथे उतरला. चौलाहून जुन्नरास जाताना वाटेत त्याने 'पाली' हे ठिकाण सांगितले आहे. रोह्याच्या ईशान्येस सरसगडाच्या पायथ्याशी असलेली पाली ती हीच असावी, असे मानण्यास जागा आहे. जुन्नरास तेथील अधिकारी असदखान ह्याने त्याचा घोडा काढून घेतला व धर्म बदलशील तर तो परत देईन अशी अट घातली. पुढे एका खोरासानी गृहस्थाने रदबदली केल्यामुळे घोडा सुटला, आणि अखेरीस बेदरास त्याची विक्री झाली. हिंदुस्थानात घोडे निपजत नाहीत व येथे त्यांस हरभरे चारतात, असे निकितिनने लिहून ठेविले आहे. त्यातील पहिले विधान अतिशयोक्तीचे आहे. दुसऱ्याची साक्ष कोणताही तबेला आजही देईल.

ह्या वृत्तान्तातील घोडा म्हणजे मौल्यवान माल होय. तो समुद्र ओलांडून आणावयाचा, घाट चढवून न्यावयाचा आणि बरी किंमत येईपर्यंत पोसावयाचा. विकल्यानंतर त्याचे काय झाले हे व्यापाऱ्याने सांगण्याचे कारण नव्हते. घोड्याकडे पाहण्याची ही एक दृष्टी. हिच्याहून अगदी निराळी अशी दुसरी दृष्टी दोनशे वर्षांनी ह्याच कोकणात दिसून येते.

शिवाजीमहाराजांच्या पागेची व्यवस्था सभासदाच्या बखरीत वर्णिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमला, अशी अधिकाऱ्यांची उतरंड तर तीत आहेच. पण आमच्या विषयास अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि खूर ह्या दोन गोष्टींवर घोड्याचे आयुष्य अवलंबून असते, हे ज्याने ओळखले त्यानेच ही नेमणूक केली असली पाहिजे. पावसाळ्यात लष्कर स्वदेशी परत येई, आणि ते येण्यापूर्वीच दाणा, वैरण, औषधे व गवताने शाकारलेल्या पागा ह्यांची तरतूद करून ठेवलेली असे. ह्या मुक्कामास छावणी म्हणत.

चिपळुणाजवळील हलवर्ण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांस महाराजांनी १६७३-७४च्या सुमारास पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. रयतेस उपद्रव देऊ नये ह्या आज्ञेसाठी ते नेहमी उल्लेखिले जाते. त्यातील दुसऱ्या भागाकडे मात्र वाचकांचे लक्ष कमी जाते. साठविलेला दाणा व वैरण आताच मनास येईल तशी खर्च केलीत, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि त्यांच्या मृत्यूचा दोष तुमच्याच माथी येईल, असा त्या भागाचा आशय आहे. घोडा ज्या चार महिन्यांत काहीच मिळवून देत नाही, त्या चार महिन्यांच्या वैरणीचा हिशेब आधी करावा, ही त्यातील शिकवण होय. ती त्या काळी युद्धाच्या सोयीसाठी सांगितली गेली हे खरे. तथापि घोड्याचे म्हातारपण हाही एक लांबलेला पावसाळाच आहे, आणि त्याची छावणी कोणी व केव्हा बांधावी हा प्रश्न शर्यतीच्या घोड्यासंबंधानेही तसाच उभा राहतो.

आता शर्यतीकडे वळू. अडथळ्यांच्या शर्यतीस इंग्रजीत 'स्टीपलचेस' म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. १७५२ साली आयर्लंडातील कॉर्क परगण्यात दोघा गृहस्थांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, सुमारे साडेचार मैल, मध्ये येतील ती कुंपणे, बांध व ओढे ओलांडीत घोडे फेकले, तेव्हापासून हे नाव पडले असे सांगतात. ह्या प्रकारातील सर्वांत विख्यात शर्यत लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथील ग्रँड नॅशनल ही होय. तिचा आरंभ सामान्यतः १८३९ सालापासून धरतात. त्या वर्षी लॉटरी नावाचा घोडा जिंकला. चार मैलांहून अधिक अंतर आणि तीस उड्या, अशी ही परीक्षा आहे.

आपल्याकडे इंग्रजांबरोबर घोडदौड आली, पण ती मुख्यतः सपाट मैदानावरची. कलकत्त्यास टॉलीगंज येथे उड्यांच्या शर्यती होत असत. मुंबई-पुण्यास मात्र सपाट शर्यतीचाच शौक वाढला. मुंबईत प्रथम भायखळ्यास शर्यती होत, आणि १८८३पासून महालक्ष्मीचे मैदान त्यांचे स्थान झाले. १९४३ साली तेथे पहिली इंडियन डर्बी धावली गेली व ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ह्या घोडीने जिंकली. पुढे ह्याच प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ साली इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींस विकत घेतले. त्या जातीच्या शिंगरास तेथे तोवर इतकी किंमत आलेली नव्हती. आपल्या आजोबांचे 'सयाजीराव' हे नाव त्यांनी त्यास दिले. ह्या सयाजीरावाने १९४७ साली आयरिश डर्बी आणि सेंट लेजर ह्या दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. पुढील वर्षी, चार वर्षांच्या वयात, त्यास शर्यतीतून काढून पैदाशीसाठी ठेविले. तो १९६६पर्यंत जगला, आणि १९६४ची सेंट लेजर त्याच्याच 'इंडियाना' नावाच्या मुलाने जिंकली.

चार वर्षांचा घोडा म्हणजे ऐन उमेदीतला. त्यास इतक्या लवकर विश्रांती का मिळाली? धन्याच्या अंतःकरणात दया अधिक होती म्हणून असे घडले, असे म्हणता येत नाही. सपाट शर्यतीत जिंकलेल्या नराच्या रक्तास किंमत असते, आणि मैदानावर एखादा पाय मोडल्यास ती सगळी किंमत बुडते. म्हणजे येथे निवृत्ती व्यवहाराच्याच पोटी जन्मली. अडथळ्यांच्या घोड्याची गोष्ट उलट आहे. तो बहुधा खच्ची केलेला, म्हणजे आख्ता असतो. पैदाशीस त्याचा उपयोग नाही; तो पळतो तोवर त्याची किंमत, आणि पळावयाचा थांबला की केवळ खर्च. उड्या मारण्यास लागणारे बळ व शहाणपण येण्यासही वेळ लागतो, म्हणून त्याची खरी कारकीर्द सातव्या-आठव्या वर्षी बहरते आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत चालू राहते. त्यास केव्हा थांबवावे हे सांगणारा व्यवहाराचा कोणताही नियम नाही. तेथे धन्याची विवेकबुद्धी हाच एक नियम उरतो, आणि तीच नेमकी मोठ्या विजयाने झाकोळली जाते.

म्हणून प्रथम विजयाची पारख कशी करावी ते पाहू. कोणता घोडा पहिला आला एवढ्यावरून त्याची थोरवी ठरवू नये, हे १९७३ सालच्या ग्रँड नॅशनलने फार चांगले दाखविले आहे. ही शर्यत हँडिकॅपची असते, म्हणजे ज्याची कीर्ती मोठी त्याच्या पाठीवर वजन अधिक. त्या वर्षी क्रिस्प नावाच्या ऑस्ट्रेलियन घोड्यावर १२ स्टोन, म्हणजे १६८ पौंड वजन होते. रेड रम ह्या घोड्यावर त्याहून २३ पौंड कमी. क्रिस्प आरंभापासून पुढे निघाला, आणि शेवटच्या उडीपाशीही रेड रम पुष्कळ मागे होता. त्यानंतरच्या सपाट पट्ट्यात क्रिस्पचे पाय जड झाले आणि रेड रमने त्यास अगदी अखेरीस, घोड्याच्या पाऊण लांबीने मागे टाकले. ९ मिनिटे १.९ सेकंद हा काळ तोवरच्या सर्व नॅशनलांत कमी होता. जिंकला रेड रम. पण त्या दिवसाचा थोर घोडा क्रिस्प होता, असे जाणत्यांचे मत पडले आणि ते योग्यच आहे. पुढील वर्षी मात्र रेड रमने स्वतः १२ स्टोन पाठीवर घेऊन शर्यत जिंकली. पहिल्या विजयाविषयीची शंका दुसऱ्याने फेडली. १९७७ साली बाराव्या वर्षी त्याने ती तिसऱ्यांदा जिंकली, तेव्हा मागील घोडा २५ लांबींवर होता. तीन विजयांत कालक्रमाने पहिला सर्वांत गाजला खरा. पण खरी थोरवी पुढील दोहोंत आहे.

ह्याच्या उलट १९६७चे उदाहरण. त्या वर्षी तेविसाव्या अडथळ्यापाशी घोड्यांची एकच गर्दी होऊन बहुतेक सारे अडकून पडले, आणि मागून संथपणे येणारा फॉइनेव्हन वाट काढून निघून गेला व जिंकला. त्याच्यावर एकास शंभर असा भाव होता. हाही ग्रँड नॅशनलचा विजेताच. परंतु ह्या विजयावरून त्याच्या बळाविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. सारांश, पाठीवरील वजन, प्रतिस्पर्ध्यांची योग्यता, दैवाचा वाटा आणि घोड्याचे वय, ह्या चार गोष्टी वजा केल्यावर जे उरेल तेवढाच त्या विजयाचा खरा ऐवज समजावा.

ह्या चारांपैकी वयाचा विचार सर्वांत कमी होतो. उतारवयातील विजय पाहून प्रेक्षक अधिकच भारावतात, आणि 'ह्याला वयच नाही' असे म्हणू लागतात. पीटर सिंपल ह्याने १८५३ साली पंधराव्या वर्षी ग्रँड नॅशनल जिंकली. तेवढ्या वयाचा विजेता त्यानंतर झाला नाही. १९२३ साली सार्जंट मर्फी तेराव्या वर्षी जिंकला, आणि तीनच वर्षांनी, १९२६ साली, स्कॉटलंडात शर्यतीतच त्याचा अंत झाला. मॅनिफेस्टो ह्या घोड्याने १८९७ व १८९९ साली विजय मिळविला, दुसऱ्या खेपेस तर १२ स्टोन ७ पौंडांचे ओझे वाहून. त्यानंतर तो तीनदा तिसरा आला, आणि १९०४ साली सोळाव्या वर्षी पुन्हा धावून आठवा आला. लोकांचे त्याच्यावर अपार प्रेम होते, ह्यात शंका नाही. पण १८९९चा विजय हीच ज्याच्या कर्तृत्वाची परमावधी, त्यास पुढे पाच वर्षे त्या तीस उड्यांवरून नेण्यात घोड्याचे कोणते हित होते, हे आम्हांस कळत नाही. तो सुखरूप राहिला हे दैव. त्यात नेणाऱ्यांचे शहाणपण दिसत नाही.

ह्या बाबतीत गोल्डन मिलरचे चरित्र फार बोधप्रद आहे. १९३२ ते १९३६ ह्या पाच वर्षांत ओळीने पाच वेळा त्याने चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकला. आणि १९३४ साली त्याच मोसमात ग्रँड नॅशनलही जिंकली, तीही १२ स्टोन २ पौंड वजन घेऊन. एका वर्षात ह्या दोन्ही शर्यती जिंकणारा दुसरा घोडा अद्याप झालेला नाही. ह्या विजयाची पारख कोणत्याही कसोटीवर केली तरी तो अस्सलच ठरतो. परंतु एन्ट्रीचे ते मैदान त्या घोड्यास मानवत नव्हते. १९३५ साली तेथे स्वार त्याच्या पाठीवरून पडला. १९३६ साली पुन्हा आणले तेव्हा तो आधी पडला आणि नंतर अडला. १९३७ साली अकराव्या अडथळ्यापाशी त्याने उडी घेण्याचे साफ नाकारले. घोड्यास बोलता येत नाही, पण नकार देता येतो. एका मोठ्या विजयाच्या मोहाने धन्याने तो नकार ऐकण्यास तीन वर्षे लावली. त्यास १९३९ साली शर्यतीतून मोकळे केले आणि तो १९५७पर्यंत, तीस वर्षांचा होऊन, स्वस्थ जगला.

आर्कलची कथा आणखी चटका लावणारी आहे. १९६४ ते १९६६ अशी तीन वर्षे गोल्ड कप जिंकणारा हा आयरिश घोडा इतका बलिष्ठ होता की, आयर्लंडात वजने ठरविणाऱ्यांस दोन याद्या कराव्या लागत: आर्कल धावला तर एक आणि न धावला तर दुसरी. डिसेंबर १९६६मध्ये केम्प्टन येथे शर्यत चालू असता त्याच्या खुरातील हाड मोडले, आणि तशाही स्थितीत तो धावत राहून दुसरा आला. त्यानंतर तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही; १९७० साली तेराव्या वर्षी त्यास वेदनांतून सोडवावे लागले. मोडलेल्या हाडानिशी धावण्याच्या त्या गुणाचे कौतुक सर्वांनी केले. आम्हांस त्यात एक इशाराही दिसतो. चांगले जनावर स्वतःची व्यथा लपविते. ते थांबत नाही म्हणून ते धडधाकट आहे असे समजणे ही माणसाची चूक होय.

रेड रमला मात्र वेळेवर विश्रांती मिळाली. त्यास खुराच्या हाडाचा विकार पूर्वीपासून होता. साउथपोर्ट येथील त्याच्या शिक्षकाने त्यास समुद्रकाठच्या वाळूत धाववून व खाऱ्या पाण्यात चालवून बरे केले, हे अलिबाग-मुरुडकडील वाळूत जनावरे पळविणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९७८ साली पुन्हा ग्रँड नॅशनलची तयारी झाली असता, अगदी आदल्या दिवशी त्याच्या हाडास केसाएवढी चीर असल्याचे आढळले आणि त्यास तत्काळ निवृत्त केले. लोकांची निराशा झाली. घोड्यास मात्र पुढे सतरा वर्षे आयुष्य लाभले. १९९५ साली तो वारला तेव्हा एन्ट्रीच्या विजयरेषेपाशीच त्यास पुरले. ह्या सतरा वर्षांचा आकडा वाचकांनी विसरू नये. शर्यतीचा घोडा पळतो त्याहून पुष्कळ अधिक काळ तो न पळता जगू शकतो, आणि प्रश्न आहे तो त्याच काळाचा.

हे सारे परदेशातील झाले. पेण-रोह्याकडे घोड्याची शर्यत नसली तरी बैलगाडीच्या शर्यतीचा शौक रायगड जिल्ह्यात जुना आहे. जिल्ह्यास १९८१पर्यंत कुलाबा हे नाव होते. भात कापून खाचरे मोकळी झाली, किंवा ओहोटीने किनाऱ्याची वाळू घट्ट झाली, की गाड्या जुंपावयाच्या. मात्र ह्या बैलास पूर्वी शर्यतीहून निराळे असे पोटाचे काम होते. पेणच्या खारेपाटात आणि कुंडलिकेच्या खोऱ्यात चिखलणी, नांगरट आणि भाताची वाहतूक त्याच्याच मानेवर चाले. शर्यतीत मागे पडला तरी तो घरचा बैलच राहत असे. आता चिखलणीस पॉवर टिलर व ट्रॅक्टर आल्यापासून ही स्थिती पालटली आहे. केवळ शर्यतीसाठी पाळलेला बैल अडथळ्यांच्या आख्त्या घोड्यासारखाच आहे: तोही खच्ची, त्याच्याही रक्तास किंमत नाही, आणि पळावयाचा थांबला की तोही केवळ खर्च.

बैलाचे वय दातांवरून सांगतात. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, चार आलेला चौसा आणि सर्व दात आलेला जुळलेला, असे शब्द आहेत. शर्यतींतही कोठे कोठे ह्या शब्दांनी गट पाडतात. पण ही मोजणी पाचव्या वर्षाच्या सुमारास संपते. घोड्याचेही तसेच; पाचव्या वर्षी त्याचे दात पुरे होतात, आणि पुढे दातांच्या झिजेवरून व वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षी उमटू लागणाऱ्या खाचेवरून जाणता मनुष्य वय ताडतो. म्हणजे जनावर वाढते आहे तोवर आपल्या भाषेत त्याच्या प्रत्येक पायरीस नाव आहे. ते उतरू लागले की सरसकट 'म्हातारा' हा एकच शब्द उरतो. विकत घेताना आपण दात मोजतो. थांबविताना कोणी मोजीत नाही.

कायद्यानेही ह्या प्रश्नाचा पूर्वार्धच हाती घेतला आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींस मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तिला उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. पुढे डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली. राज्याच्या नियमांत अंतराची मर्यादा आहे, काठी व चाबूक ह्यांस बंदी आहे आणि पशुवैद्याची तपासणी आवश्यक आहे. हे सर्व इष्टच आहे. परंतु हे नियम जनावर आज पळण्यास योग्य आहे काय, एवढेच विचारतात. पळणे संपल्यावर त्याचे काय, हे विचारणे त्यांच्या कक्षेत येत नाही. इकडे २०१५च्या दुरुस्तीने राज्यात बैलांच्या कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे म्हाताऱ्या बैलास मरेपर्यंत पोसणे भाग आहे, आणि पोसण्याची ऐपत नसलेला शेतकरी त्यास मोकाट सोडतो. कायद्याने जीव वाचविला. वैरणीची तरतूद मात्र ज्याची त्याच्यावर राहिली.

म्हाताऱ्या जनावरांस आश्रय देण्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी १८३४ साली पांजरपोळ स्थापन केला. निवृत्त घोड्यांस दुसरी कामेही मिळतात. कित्येक सवारीच्या शाळांत जातात, आणि मोटारींस मज्जाव असलेल्या रायगड जिल्ह्यातीलच माथेरानास शर्यतीतून उतरलेले काही घोडे प्रवाशांस पाठीवर नेतात. काहींच्या वाट्यास सर्पदंशावरील औषधासाठी रक्त देण्याचे काम येते. घोड्यास विषाची अल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचून त्याच्या रक्तातून हे प्रतिविष काढतात. हाफकिन संस्थेचा असा तबेला पिंपरीस आहे. भाताच्या खाचरात अनवाणी उतरणाऱ्या पेण-रोह्याच्या शेतकऱ्याचा जीव ह्या घोड्यांच्या रक्ताने वाचतो, ही गोष्ट शर्यतीच्या कोणत्याही करंडकाहून लहान नाही. तथापि हीही चाकरीच होय. तिला निवृत्ती म्हणून आपल्या मनाचे समाधान करून घेऊ नये. जेथे ती आहे तेथे ओझे, विसावा आणि वैद्यकीय देखरेख ह्यांचा नियम पाळला जावा.

येथे एक आक्षेप निघण्याजोगा आहे. घोड्यास पळण्याची आवडच असते, त्यास ठाणबंद केले तर तो झुरतो, असे पागेतील माणसे सांगतात. आणि त्यात तथ्य आहे. पण ह्यावरून त्यास काम हवे एवढेच सिद्ध होते. तेच काम, तितक्याच वेगाने, तितक्याच उड्यांवरून हवे, असे सिद्ध होत नाही. रेड रम निवृत्तीनंतर समारंभांस जाई व गर्दीत रमे. त्याकरिता त्यास तीस अडथळे ओलांडावे लागले नाहीत. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो अधिक गंभीर आहे, कारण बैलाचा मालक म्हणजे काही बडोद्याचा महाराजा नव्हे. ह्यास आमचे उत्तर एवढेच की, जनावर जिंकते तेव्हा पैसाही येतो, आणि त्यातला वाटा तेव्हाच बाजूस काढला पाहिजे. शर्यती भरविणाऱ्या मंडळांनी बक्षिसाच्या रकमेतून काही भाग वृद्ध जनावरांच्या वैरणीसाठी ठेवण्याची प्रथा पाडली, तर एकट्या शेतकऱ्यावर तो भार पडणार नाही.

आमचे म्हणणे आता थोडक्यात सांगता येईल. निवृत्तीचे वय विजयापूर्वी, शांत मनाने ठरवावे आणि विजय झाला म्हणून ते पुढे ढकलू नये. पूर्वीच्याच प्रतिस्पर्ध्यांशी बरोबरी करण्यास जनावरास हलके वजन किंवा दुबळे सोबती लागू लागले, की ठरविलेल्या वयाचीही वाट पाहू नये. जनावराने एकदा स्पष्ट नकार दिला तर तो शेवटचा समजावा. आणि अशा वेळी थांबविण्याचा अधिकार, ज्याने त्यावर पैसे लावले त्याच्यापेक्षा, ज्याने त्याचे खूर हाताळले आणि त्यास दाणा घातला त्या मोतद्दाराच्या व वैद्याच्या शब्दास अधिक असावा. साडेतीनशे वर्षांपूर्वी हलवर्णच्या अधिकाऱ्यांस जे बजावले गेले तेच आजच्या धन्यासही लागू आहे. वैरण आधी मोजावी, कारण पावसाळा येणार हे ठरलेले असते. आणि ती न मोजता उन्हाळ्यातच संपविली तर पुढे जे होईल त्याचा दोष आभाळास देता येत नाही.